शंभरचा बल्ब

उत्रोली, ता. भोर
२४ नोव्हेंबर २०२४

धनश्रीबाळ,

आबाचा तुला आशीर्वाद. आजीचाही आहे, ती चुलीपुढून ओरडून सांगते आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, म्हणून तू हसशील. हस बापडे. पण ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नाही. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

आपल्या शेजारच्या धनाजीनं टेम्पोच्या कमाईवर भिंतीएवढा टीव्ही आणला आहे. आज दुपारी तो मला बळंच घेऊन गेला. सिनेमा होता. तुझ्या वयाची एक पोरगी, केस कापलेले, तुझ्यासारखीच कॉम्प्युटरवर काम करणारी. अगं, काय ते काम! खोलीत मिट्ट अंधार. एक दिवा नाही. समोर चार-पाच कॉम्प्युटर, त्यांच्यावर निळी अक्षरं मुंग्यांसारखी धावतात, आणि ही बोटं चालवते. आपण भात झोडतो तेव्हासुद्धा हात इतके चालत नाहीत. पडद्यावर लाल पाटी आली. तिनं आणखी बोटं चालवली, पाटी हिरवी झाली. ती म्हणाली, "मी आत शिरले", आणि तिकडं परदेशात एक बँक रिकामी झाली. सगळं आपला चहा उकळेपर्यंत.

पुढं अख्ख्या शहराचे दिवे गेले. एका पहारेकऱ्याला धरून त्याचा डोळा यंत्रापुढं दाबला, लाल उजेड त्याच्या डोळ्यातून फिरला आणि तिजोरीचं दार उघडलं. शेवटी त्या पोरीच्या घरावर बंदूकवाले आले. तिचा फोन ते पहिल्यापासून ऐकत होते.

धनाजी माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "आबा, तुमची धनश्री ह्येच करती की वो!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. घरी आलो तर घास गिळेना.

तर आता मला खरं सांग. तू अंधारात बसतेस का? तुमच्या दारावर बंदूकवाले असतात का? दिवाळीला रजा मिळाली नाही म्हणालीस. रजा मिळाली नाही, की बाहेर सोडलं नाही? तुझ्या आईला, रत्नाला, मी यातलं काही कळवलेलं नाही. वेल्ह्याला तिच्या मागं म्हशींचा व्याप, त्यात हा घोर कशाला.

आपला फोन मी कापडात गुंडाळून तांदळाच्या कणगीत खोल पुरला आहे. तिथून त्याला काही ऐकू जायचं नाही. तू वाजवलास तर उचलणार नाही, राग धरू नकोस.

ठकुबाईची कालवड हरवली आहे. ती म्हणते, धनश्रीला वरून बघायला सांगा. सिनेमात वरून माणसाच्या सदऱ्याचं बटण दिसतं. जमलं तर बघ. तांबडी आहे, कपाळावर चांद. पण तुला धोका असेल तर राहू दे, कालवड काय, दुसरी मिळेल.

हल्ली आपल्याकडं वीज फार मंद झाली आहे. घरातला दिवा म्हणजे रॉकेलची चिमणी. म्हणून अक्षर असं आलं आहे.

तुझा,
आबा


पुणे
१ डिसेंबर २०२४

आबा,

नमस्कार. तुमचं पत्र फाडलं नाही. वाचताना आधी खूप हसले. पण घास गिळेना असं लिहिलंत, तिथं हसू थांबलं.

मी अंधारात बसत नाही. आमच्या कचेरीत छताला इतके दिवे आहेत की दुपार कधी झाली आणि संध्याकाळ कधी, ते कळत नाही. सिनेमावाले अंधार का करतात कोण जाणे. पडद्याचा उजेड नटीच्या तोंडावर पडला की छान दिसत असेल.

माझं काम ऐकलंत तर तुम्हाला जांभई येईल. दुसऱ्यांनी बनवलेला प्रोग्राम माझ्याकडं येतो. मी एक बटण दाबते, बरोबर झालं का ते बघते, लिहून ठेवते. मग दुसरं बटण. मग परत पहिलं. आजी ताटात तांदूळ घेऊन खडे निवडते ना, तेच. खडा सापडला की ज्यानं तांदूळ दिला त्याच्याकडं पाठवायचा, आणि तो माझ्यावरच चिडतो. बंदूकवाला कुणी नाही. दारावर शिपाईकाका आहेत, ते डुलक्या काढतात.

आणि निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. पडद्यावर एक गोल फिरत राहतो. आम्ही चहा पिऊन येतो, तो आपला फिरतोच आहे. हे सिनेमात कधीच दाखवत नाहीत.

ठकुबाईंची कालवड मला दिसणार नाही. नकाशावरचे वरून काढलेले फोटो जुने असतात. त्यात कालवड सापडलीच तर ती तिची आई असेल.

रजा खरंच मिळाली नाही, आबा. मन तिकडंच होतं.

परसातल्या पेरूला यंदा फळ धरलं का? आजीचा गुडघा कसा आहे? आणि एक सांगायचं होतं. मला चष्मा लागला. गोल, काळ्या काड्यांचा. अजून आईलासुद्धा सांगितलं नाही, पहिलं तुम्हाला सांगते आहे. काय चिडवायचं ते पत्रातच चिडवून घ्या, समोर नको.

तुमची,
धनश्री

(आजीसाठी खाली नेहमीसारखं फूल काढलं आहे.)


उत्रोली
९ डिसेंबर २०२४

धनश्रीबाळ,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे अंधारातच बसतेस. मला वाटलंच होतं. वाचून जीव थाऱ्यावर नाही.

पत्र आजीला वाचून दाखवलं. तिचा हात गालावर, तोंड उघडं. तू तो चोर कसा धरलास ते आलं तेव्हा तिनं जागच्या जागी तुझी दृष्ट काढली. मला अभिमान आहे, पण भीतीही आहे. चोराला धरणं हे तुझं काम नव्हे. परत धरू नकोस.

धनाजीचा टेम्पो भाजी घेऊन गुरुवारी पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर डबा पाठवतो. तू दहावीला असताना पडवीत तुझ्या डोक्यावर मी शंभरचा बल्ब टांगला होता, आठवतो का? माळ्यावर कापडात ठेवला होता. लावून बघितला, पेटतो. होल्डर, वायर, पिन सगळं जोडून दिलं आहे, तू नुसतं भिंतीत खुपसायचं. फुटू नये म्हणून पेंढ्यात बसवला आहे. वर चकल्या आहेत. दारावरच्या माणसांनी विचारलं तर चकल्याच सांगायच्या, असं धनाजीला बजावलं आहे. उजेड करायला तिथं बंदी असेल तर उगाच तुझ्यावर यायला नको.

धनाजीला कापूरहोळच्या फाट्यावर दंड लागला आहे. तो मोबाईलवर येतो. धनाजी म्हणतो, धनश्रीला सांगून पुसून टाका. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही, कारण टेम्पो त्याचा आहे.

वीज तशीच मंद आहे.

तुझा,
आबा


पुणे
१५ डिसेंबर २०२४

आबा,

तुमच्या डब्यानं आमच्या शिपाईकाकांची वर्षाची झोप उडवली.

पत्र्याचा डबा, सुतळीनं बांधलेला, आणि फटीतून वायरीचं टोक बाहेर. काकांनी विचारलं, आत काय आहे? धनाजीमामा म्हणाले, "चकल्या." काका म्हणाले, "चकल्यांना वायर कशाला?" मामा म्हणाले, "त्ये मला न्हाई माहीत, आबांनी चकल्याच सांग म्हनलंय." मग काय विचारता! शिट्ट्या वाजल्या, फाटकाजवळची माणसं लांब नेली, मला खाली बोलावलं. मी गेले तर मामा टेम्पोच्या फळीवर मांडी घालून बसलेले, भोवती चार शिपाई, आणि मामा त्यांना विचारत होते, "च्या-बिया मिळंल का हितं?"

डबा मीच उघडला. पेंढा बाजूला केला आणि बल्ब निघाला. होल्डरवर दहावीतला माझा नेलपॉलिशचा ठिपका अजून तसाच आहे, आबा. चकल्या सगळ्यांनी खाल्ल्या. साहेबही आले, त्यांनीही खाल्ल्या आणि विचारलं, हा बल्ब कशासाठी? मी म्हणाले, आमच्या आबांनी पाठवलाय.

पण मी तर लिहिलं होतं की आमच्याकडं उजेड भरपूर आहे. आणि चोर कुठला? मी कुठलाही चोर धरलेला नाही. धनाजीमामांचा दंड मला पुसता येत नाही, येत असता तरी पुसला नसता. पेरूचं, आजीच्या गुडघ्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. आणि त्या शेवटच्या गोष्टीवर तर एक अक्षर नाही. मी वाट बघत होते. रागावलात का?

तुमच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. शेवटची तर कागदाच्या बाहेर गेली आहे. घाईत लिहिलंत का?

धनश्री

(खाली आजीचं फूल.)


उत्रोली
२४ डिसेंबर २०२४

धनश्रीबाळ,

पत्र मिळालं. आजीला वाचून दाखवलं. बल्ब लागला, सगळ्या कचेरीत उजेड झाला आणि साहेबानं तुझी पाठ थोपटली, हे ऐकून तिला बरं वाटलं. मलाही. आता दुसरा बल्ब शोधतो.

एक लक्षात ठेव. कुणी म्हणालं, या यंत्रात डोळा लाव, तर लावायचा नाही. डॉक्टर म्हणाला तरी नाही. उठून सरळ निघून यायचं. त्यात कमीपणा नाही.

वीज कचेरीत जाऊन भांडलो. तिथला माणूस म्हणतो, "आजोबा, दिवा तर लख्ख आहे." सगळे मिळालेले आहेत. धनाजीचा टीव्हीसुद्धा आता काळवंडत चालला आहे.

जास्त लिहीत नाही.

आबा


उत्रोली
२६ डिसेंबर २०२४

(ताई, मी अंगणवाडीतली नूतन. आजी बोलतात तसं लिहिते आहे.)

धने,

म्या बोलती, आजी. तुजे आबा मळ्याकडं गेल्यात काठीनं चाचपत, तवर ह्ये लिवून हुतंय.

पोरी, वीज मंद न्हाई. वीज चांगली हाय. त्यांचं डोळं गेल्यात. गेल्या आठवड्यात भोरला डोळ्यांचं शिबिर झालं, म्या नेलं वढून. डागदरीन म्हनली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका, न्हाईतर हातचं जाईल. पुन्याला गाडीनं नेत्यात, आनून सोडत्यात. ह्ये तयार झालं. मग तितं एका यंत्राफुडं हनुवटी टेकवाय लावली. आत लाल ठिपका दिसला म्हनं. बाजूला कॉम्प्युटर, त्याच्यावर ह्यांचा डोळा परातीयेवडा. जे उठलं ते धोतर सावरत यष्टी स्टँडावर! चपला तितंच. म्या मागनं चपला घिऊन पळती. समदं भोर बघतंय.

आन तुजी पत्रं. ती ह्ये मला वाचून दावत्यात. लई झ्याक वाचत्यात गं. तू चोर धरलास, तू बँक वाचीवलीस, सायबानं तुला खुर्ची दिली. म्या म्हनायची, पोरीनं नाव काढलं. मला अक्षर येत न्हाई. पन तू माज्यासाठी फूल काढतीस, ते खाली आसतंय, येवडं मला कळतंय. परवा ह्ये वाचत व्हतं तवा फूल वर व्हतं.

म्या बोलले न्हाई. मानूस येवडा जीव लावून वाचतोय, त्याला कसं सांगू, उलटं धरलंय म्हनून?

पन काल हिरीच्या काठाला पाय घसारला. म्या सदरा धरला म्हनून ऱ्हायलं. तवापास्नं माजं मन थाऱ्यावर न्हाई. तू ये. तुजं ऐकत्याल. माज्याकडनं कळलं आसं मातुर बोलू नगंस.

(ताई, आजींनी तुमची दोन्ही पत्रं पदराखाली लपवून आणली होती. मी वाचून दाखवली. तुमच्या चष्म्याचं आलं तेव्हा म्हणाल्या, "ह्ये त्यांनी न्हाई वाचलं." मग पत्राची नीट घडी करून पदराखाली ठेवली. – नूतन)


पुणे
१ जानेवारी २०२५

आबा,

मी संक्रांतीला येते.

डोळे दाखवायला आपण दोघं जाऊ.

त्या कॉम्प्युटरजवळ मी बसेन.

धनश्री


उत्रोली
७ जानेवारी २०२५

धनश्रीबाळ,

एका कागदावर एक ओळ. बोटाएवढी अक्षरं, काळी कुळकुळीत. ऐन दुपारी अंगणात उन्हात धरून वाचलं. एकही अक्षर सुटलं नाही.

म्हणजे तुला कळलं आहे. आजीला विचारलं, तू कळवलंस का? ती म्हणाली, "मला लिवता येतंय व्हय?"

मी भित्रा आहे असं तुला वाटायला नको, म्हणून लिहितो. वेळ लागतो आहे, ओळीखाली पट्टी धरून लिहितो आहे. मी सुरीला भ्यालो नाही. डोळा कापतात तर कापू दे, एवढं आयुष्य काढलं. मी त्या कॉम्प्युटरला भ्यालो. माझा डोळा त्याच्यावर उमटला होता, मी अर्धवट का होईना, बघितला. आता तो आत गेला. आतून कुठं कुठं जाईल? सिनेमात त्या पहारेकऱ्याच्या डोळ्यानं तिजोरी उघडली. माझ्याकडं तिजोरी नाही. माझ्याकडं तू आहेस. तू कॉम्प्युटरात आणि माझा डोळाही कॉम्प्युटरात. कुणी माझ्या डोळ्यानं तुझ्या कचेरीचं दार उघडलं आणि आत शिरलं, तर नाव तुझंच येणार. बंदूकवाले तुझ्या दारात येणार. त्यापेक्षा मला कमी दिसलं तर काय बिघडलं? मळ्याची वाट पायाला पाठ आहे.

तू म्हणशील, आबा, असं काही नसतं. मलाही वाटतं नसेल. पण नुसत्या "नसेल" वर मी तुला कशी सोडू?

तरी तू शेजारी बसणार असशील तर येतो. तुला त्यातलं कळतं. अगदी जवळ बसायचं. लाल पाटी आली तर कुणाला विचारत बसायचं नाही, सरळ पिन उपसायची.

फोन कणगीतून काढला आहे. त्यात तांदूळ गेला आहे, वाजत नाही.

आबा


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

(नूतनताई, हे दोघांना मोठ्यानं वाचून दाखवा.)

आबा,

निघताना तुम्ही म्हणालात, त्या कॉम्प्युटरपाशी काय काय झालं ते लिहून दे. लिहिते, पण त्याआधी एक कबूल करते. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. माझा कॉम्प्युटर वेगळा, तो वेगळा. मी नुसती बसले होते. तुम्ही हनुवटी टेकवली आणि मी ठरल्याप्रमाणं एक हात पिनेजवळ ठेवला. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, जरा लांब बसता का?" मी म्हणाले, "नाही हो, आबांना तसा शब्द दिलाय." तिनं माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं आणि खुर्ची थोडी सरकवून घेतली.

पडद्यावर तुमचा डोळा आला. मग गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. तिनं कॉम्प्युटरला टिचकी मारली. "झालं याचं सुरू," म्हणाली. तुम्ही तिथूनच विचारलंत, "काय झालं?"

"अडकलाय, आजोबा."

तुम्ही हनुवटी काढून सरळ तिच्याकडं वळलात. "अडकतो व्हय ह्यो?"

"रोजचंच आहे. बंद करून चालू करते."

"आमचं पाण्याचं इंजिनबी असंच करतंय," तुम्ही म्हणालात. "त्याला जरा दम खाऊ द्यावा लागतो. घाई करू नगंस पोरी, म्या बसलोय." आणि पुन्हा हनुवटी टेकवलीत. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. मी पिनेवरचा हात काढून घेतला.

लाल पाटी आली नाही. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर आला, तिनं कागदावर लिहून घेतला. बस, एवढंच.

पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हाचं मला विचारायचं आहे. डॉक्टर बोटं दाखवून विचारत होत्या, किती आहेत? आणि तुम्ही काही बोलेचना. नुसते समोर बघत होता. शेवटी "तीन" म्हणालात, पण गाडीतसुद्धा गप्पच होता. आबा, खरं सांगा. दिसतंय ना नीट?

धनश्री


उत्रोली
१६ मार्च २०२५

धनश्रीबाळ,

आबाचा आशीर्वाद. हे पत्र पट्टी न धरता लिहितो आहे.

परवा जवळचा चष्मा मिळाला. तुझी सगळी पत्रं काढली, पडवीत बसलो आणि पहिल्यापासून वाचली. माझ्यासाठी ती परवाच आली म्हण. पहिल्या पत्रातलं मला तेव्हा "अंधारात बसत" एवढंच लागलं होतं, पुढचं "नाही" धुक्यात गेलं, चोर मी सिनेमातला भरला. तेवढ्यावर तुला बल्ब आला. आता उत्तरं देतो, तू विसरली असशील तरी.

पेरूला फळ धरलं होतं, गोड होतं, आता संपलं. आजीला गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, "येवड्या म्हैन्यांनी इचारताय व्हय? बरा हाय." ठकुबाईची कालवड किकवीला निघाली, तिच्या लेकीच्या गोठ्यात. तिथंच वाढलेली, आपली आपण चालत गेली होती. पण ठकुबाई साऱ्या गावाला सांगते, धनश्रीनं वरून बघितली. मी तिला म्हणालो, तसं नसतं, तिथले फोटो जुने असतात. ती म्हणाली, "आबा, तुमाला त्यातलं कळत न्हाई." धनाजीनं दंड भरला.

आजीला तुझी पत्रं खरी खरी वाचून दाखवली. तू बटण दाबतेस, खडे निवडतेस, गोल फिरतो, तुम्ही चहा पिता. ती ऐकून म्हणाली, "तुमी वाचत व्हता ती पत्रं झ्याक व्हती." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पन ही तिची हायत. परत वाचा."

काल धनाजीकडं पुन्हा तोच सिनेमा लागला. मी मुद्दाम गेलो. आता मला पेरूचं पान न् पान दिसतं, धनाजीच्या मिशीतला पांढरा केस दिसतो. म्हटलं, बघू तरी. तर ती पोरगी अजून अंधारातच बसली आहे! म्हणजे तो अंधार माझ्या डोळ्यांतला नव्हता, त्यांनीच केलेला होता. मी मोठ्यानं म्हणालो, "आरं, त्या पोरीला कुनीतरी दिवा लावून द्या रं." धनाजी हसला, मीही हसलो. आणि तिचा कॉम्प्युटर शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही. त्यावरून मी ओळखलं, हे काही खरं नव्हे.

डाव्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात जायचं आहे. मी एकटाही जाऊ शकतो. पण तू ये.

आता तू विचारलंस ते. पट्टी काढली तेव्हा बाईंची बोटं मला दिसत होती. पण त्यांच्या मागं तू उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांवर गोल, काळ्या काड्यांचा चष्मा होता. मला वाटलं, पोरीला चष्मा लागला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. गाडीत तेच डोक्यात होतं. मी कोण लागतो हिचा, असंही मनात येऊन गेलं. आणि परवा पहिलं पत्र उघडलं. तू सांगितलं होतंस. आईच्याही आधी, पहिलं मला. ती ओळ मी परत परत वाचली. आजीनं दोनदा जेवायला हाक मारली.

चिडवायचं तर पत्रातच, असं लिहिलं होतंस. चिडवत नाही. तुला शोभतो.

पण छताला एवढे दिवे असून चष्मा लागलाच ना? मग तो बल्ब परत पाठवू नकोस. टेबलावर लाव. कुणी विचारलं तर चकल्या सांग.

तुझा,
आबा

ता. क. खालचं फूल आजीनं काढलं आहे. खालीच आलं आहे ना, ते बघ, असं सांगायला लावलं आहे.